धाकल्या आडवा उभा राहतो

जोतीरामच्या बरगड्या मोटारसायकलवरून पडून मोडल्या, असे घराने ठरवले होते. मुलाने, शिवतेजने, फोनवर तेच सांगितले, बायकोने, अंजनाने, चहा देताना तेच सांगितले आणि खुद्द जोतीरामने खाटेवर पडल्या पडल्या, श्वास तोडत, तेच सांगितले. तिघांच्या सांगण्यात शब्दाचाही फरक नव्हता. त्याच्या थोरल्या बहिणीला, संयोगिताला, शंका आली ती तिथेच. घडलेली गोष्ट माणसे आपापल्या तऱ्हेने सांगतात. सगळ्यांनी एकसारखी सांगितली, की ती ठरवलेली असते. सांगलीच्या कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवताना मुलांची उतरवून काढलेली निरीक्षणे तिने अशीच पकडली होती.

"हात दाखव," ती म्हणाली.

जोतीरामने दोन्ही हात पुढे केले. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. हुकूम आधी पाळायचा आणि मग विचार करायचा, ही सवय अजून गेली नव्हती.

"चालत्या गाडीवरून पडणारा माणूस आधी तळहात टेकतो. तुझ्या तळहातांना खरचटलेलंही नाही. गुडघे शाबूत आहेत. आणि मुका मार छातीवरही आहे, पाठीवरही आहे. रस्ता एकाच बाजूने लागतो, जोती. तू भिंत आणि आणखी कशाच्या तरी मध्ये सापडला होतास."

"आक्का, तू काय डाक्टर न्हाईस."

"नाही. म्हणून तर फुकट सांगते आहे."

जोतीरामने दाराकडे पाहिले. अंजना परसात गेली होती. "हळू बोल. त्यानं मारलं न्हाई, नुसतं रेटलं. मारायचं असतं तर आज मी भिंतीवर असतो, हार घालून."

"अंजनाला माहीत आहे?"

"तिला म्हाईत न्हाई म्हंजे? मोटारसायकलची गोष्ट तिनंच काढली."

'तो' म्हणजे धाकल्या, घरचा खिल्लार खोंड. चार वर्षांमागे त्याची आई वितानाच गेली आणि अंजनाने ओले वासरू पदराखाली घेऊन थेट स्वयंपाकघरात आणले. चुलीशेजारी पोत्यावर ठेवून त्याला बाटलीने दूध पाजले. मुलगी शिवांजली लग्न होऊन पुण्याला गेली ते हेच वर्ष. घरातली कमी भरून निघाली असे सगळे म्हणत, आणि त्यात फारसे खोटे नव्हते. शिवतेज थोरला, म्हणून हा धाकला. पुढे त्याचा बांधा पाहून नानासोने, जोतीरामच्या कुपवाडच्या धाकट्या भावाने, त्याला शर्यतीसाठी तयार करायचे ठरवले. शर्यतवाल्यांच्या शास्त्राप्रमाणे मग त्याला दुसऱ्या जनावराचा वाराही लागू दिला नाही. कळपात राहिले की खोंडाचे मन फाटते, असे ते शास्त्र सांगते. स्वतंत्र गोठा, छताला पंखा, पायाखाली रबरी चटई, पुढ्यात उडीद, दूध आणि अंडी. सरावापुरता जोडीचा बैल शेजारी येई आणि घाम वाळण्याआधी परत जाई. गाय म्हणजे काय, हे धाकल्याला शहरातल्या पोरापेक्षाही कमी ठाऊक होते.

ज्या विहिरीच्या वाटणीवरून जोतीराम आणि नानासो कोर्टात गेले होते, तिच्यापासून हा गोठा हाकेच्या अंतरावर होता. कोर्टाने जे केले नाही ते या खोंडाने केले. नानासो पुन्हा या घरात जेवू लागला. म्हणून तो नुसता खोंड नव्हता, आणि म्हणूनच मोटारसायकल लागली.

---

गोठ्यापाशी शिवतेज फोन घेऊन उभा होता. तिशीचा, बापाच्या उंचीचा, आणि बापासारखाच न विचारलेले न सांगणारा. संयोगिताने विचारले, तेव्हा त्याने सगळे दाखवले. फोनमध्ये धाकल्या दारात आडवा उभा होता. पाठीची कमान, फुगलेली मान, किंचित खाली घातलेले डोके आणि मागे ढोल-ताशा.

"लय बघितला लोकांनी, आत्ती. त्याला कॅमेरा कळतो. मोबाईल काढला की पोज देतो."

"कॅमेरा कळत नाही. कॅमेऱ्याच्या मागे तू उभा आहेस, ते कळतं. हे कधीपासून?"

"दिवाळीपास्नं."

"ही पोज नाही, शिवतेज. बैल झुंजीच्या आधी असा आडवा उभा राहतो. आपण केवढे आहोत ते समोरच्याला दाखवतो. समोरच्याने एक तर मागे सरायचं, नाही तर डोकं लावायचं. तुम्ही यातलं काहीच केलं नाही. व्हिडिओ काढलात."

शिवतेजने फोन खिशात घातला. "मग त्याला काय वाटलं आसंल?"

"वाटण्याचं मला माहीत नाही. यानंतरची पायरी रेटण्याची असते, एवढं माहीत आहे. आधी कुणाला रेटलं?"

"कुत्र्याला. मग मला, थोडंसं. मी हसण्यावारी न्हेलं. मग आबास्नी."

"खालून वर."

"आँ?"

"कळपात जागा अशीच खालून वर मिळवतात. त्याचा कळप तुम्हीच. तुम्ही त्याला दुसरा दाखवलाच नाहीत. आता वयात आला, अंगातलं जुनं जागं झालं, आणि जे करायचं ते तो ज्यांच्यात वाढला त्यांच्यावरच करतो आहे. बाटलीवर वाढलेला वळू सगळ्यांत धोक्याचा. त्याला माणसाची भीती नसते. माणूस म्हणजे कोणी वेगळा आहे, हेच त्याला ठाऊक नसतं."

"आईला मातर काय करत न्हाई. तिच्या हातचं प्यालाय."

"हेच मी सांगते आहे," संयोगिता म्हणाली, आणि हे वाक्य कोणालाही कळणार नाही हे तिला बोलतानाच कळले.

अंजना भरली बादली घेऊन आली आणि आडव्या बांबूखालून वाकून सरळ आत गेली. चार वर्षे ती तशीच जात होती. धाकल्याने मान वर केली, तिच्या कोपराला जीभ लावली. तिने गव्हाणीत पेंड ओतली, त्याच्या कपाळावर बोटे फिरवली, आणि वळली. तेवढ्यात तोही वळला. अगदी सावकाश. आधी मागचे पाय सरकले, मग सगळे पांढरे अंग दार आणि ती यांच्या मध्ये आडवे आले. पाठ उंचावली.

"बघा, आक्का. तुमास्नी दावतोय. पाव्हणं आलं की आसाच मिरवतो."

तो संयोगिताकडे पाहत नव्हता. त्याचा दिसणारा डोळा अंजनावर होता, आणि त्या डोळ्यातला पांढरा भाग एरवीपेक्षा बराच जास्त दिसत होता.

संयोगिताने शेवटच्या बाकावर पोचणारा आपला जुना आवाज काढला, पण चढवला नाही. "अंजना, बादली खाली ठेव. त्याला पाठ दाखवू नकोस. पळू नकोस. भिंतीला धरून, त्याच्या शेपटीकडून, हळूहळू माझ्याकडे ये."

"आवं, पर..."

"ये."

अंजना आली ती भीतीने नव्हे, आश्चर्याने. या नणंदेने तिला एवढ्या वर्षांत कधी 'ये' म्हटले नव्हते. ती बांबूखालून बाहेर पडली, तेव्हा धाकल्याने शिंगाने बादली उडवली आणि पुढच्या खुराने रबरी चटई मागे ओढली. चटईखाली माती नव्हती, सिमेंट होते. तरीही तो उकरत राहिला.

"तुमाला बघून बुजला," अंजना म्हणाली. तिचा आवाज नेहमीच्या जागेवर नव्हता.

---

दिवस मावळायच्या सुमारास नानासो आला. गाडीच्या मागच्या काचेवर धाकल्याचा फोटो आणि खाली 'धाकल्या ग्रुप' अशी अक्षरे होती. यमाईच्या जत्रेनंतरच्या शर्यतीच्या मैदानात खोंड पहिल्यांदा उतरायचा होता. कुपवाडच्या त्याच्या कारखान्यातली पोरे सुट्टी टाकून येणार होती.

"दादा, बरं हाय का?" त्याने खाटेपाशी बसत विचारले. "मोटारसायकल सांभाळून चालवावी."

"मोटारसायकल शेडात हाय," जोतीराम म्हणाला. "तिला ओरखडाबी न्हाई. धाकल्यानं दाबला मला."

घरात जे ठरले होते ते असे एका वाक्यात संपले. नानासोने अंजनाकडे पाहिले. तिने भाकरी थापणे थांबवले नाही.

संयोगिताने दुपारचे सांगितले. जितके पाहिले तितकेच, विशेषणे न लावता. ऐकणाऱ्यांवर त्याचा परिणाम विशेषणांपेक्षा जास्त झाला.

"मग इकून टाकू," नानासो म्हणाला. मनापासून म्हणाला नाही हे सगळ्यांना कळले. "मिरजंकडचा एक जण मागं लागलाय."

"त्याच्या घरीही कुणीतरी बादली घेऊन आत जात असेल," संयोगिता म्हणाली.

"त्येंचं त्ये बघतील की."

"त्यांना बघता यावं म्हणून हे सांगून विकणार आहेस का?"

सांगून विकला तर कोण घेणार, आणि न सांगता विकला तर पुढच्या मैदानात तोंड कसे दाखवणार, हे गणित नानासोलाही येत होते.

"इकायचा न्हाई," अंजना तव्याकडे पाहत म्हणाली. "पोटचं पोर आसं इकतात का?"

"वैनी बरोबर बोलत्यात," नानासोला आधार मिळाला. "चूक आपली हाय. दोन मानसं, दोन कासरं, आन् मैदान मारलं की..."

"मैदान मारायच्या आधी माणूस मारंल," शिवतेज म्हणाला. काकापुढे तो असे पहिल्यांदाच बोलला. "आत्तीचं खरं हाय. मी बघितलं."

म्हणजे आता एका बाजूला अंजना आणि नानासो होते, एक मायेने आणि दुसरा नादाने. दुसऱ्या बाजूला शिवतेज आणि संयोगिता. आणि मध्ये जोतीराम, ज्याला श्वासच पुरत नव्हता. संयोगिताने ही फळी मोडता येते का पाहिले.

"आणखी एक उपाय आहे. पक्का नाही, पण बराचसा गुण येतो. खच्ची करायचा."

घरातले सगळे पुरुष त्या शब्दावर एकमताचे झाले. शिवतेजने तिची बाजू सोडली, जोतीराम उशीवरून उठू पाहून कळवळला, आणि विहिरीनंतर पहिल्यांदाच दोघे भाऊ एका सुरात "छे" म्हणाले.

"जातिवंत बीज हाय, आक्का," नानासो दुखावल्या आवाजात म्हणाला.

"बरं. मग तुझ्या जातिवंत बीजाला उद्या सकाळी पेंड कोण घालणार?"

सकाळची पेंड अंजना घालते, हे इतके ठरलेले होते की तो प्रश्न आहे हेच कोणाला माहीत नव्हते.

अंजनाने शेवटची भाकरी उतरवली, तवा खाली घेतला आणि हात पुसले.

"मी न्हाई घालणार," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"आक्का मगाशी काय काय बोलल्या त्ये समदं मला उमगलं न्हाई. पर ती नजर मला ठावं हाय. नवी सून म्हणून ह्या घरात आले, तवा परत्येकानं मला आसंच आडवं हून बघितलं हुतं. हिला रेटली तर कुठवर सरती, त्ये बघत हुता समदी." ती जोतीरामकडे पाहत नव्हती. "आक्का, तुमीबी."

संयोगिताने ते नाकारले नाही. निरीक्षण बरोबर होते.

"मी सरत ऱ्हायले. तुमी मानसं हुता, एका जाग्यावर थांबला. त्यो कुठं थांबायचा? त्याला कोण थांबीवनार?" अंजनाने पदर खोचला. "पाटणच्या वर आमच्या ज्योतिबाचा कळप हाय. मोकळा चरतो रानात. दावं न्हाई, गोठा न्हाई. चार म्हातारं वळू हायती त्यात. तिकडं धाडा."

ज्योतिबा म्हणजे तिचा भाऊ. या घराने त्याला डोंगरातला म्हणून कधी मोजले नव्हते.

"डोंगरात? आन् मैदान?" नानासोचा आवाज चिरकला. "वैनी, गाडीवर फोटू हाय माझ्या."

"फोटू ऱ्हाऊ द्या. फोटूला पेंड लागत न्हाई."

जोतीराम हसला आणि लगेच बरगडी धरून गप्प झाला. मग तो संयोगिताकडे वळला. "आक्का, तितं सुधरंल त्यो?"

तिला खोटे बोलता आले असते. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि सगळे दमलेले होते. "माहीत नाही," ती म्हणाली. "वासरू असताना पाठवला असता तर हो म्हणाले असते. आता उशीर झाला आहे. कदाचित मोठे बैल त्याला शिकवतील. कदाचित मारतीलही. पण इथे राहिला तर काय होईल, ते मात्र माहीत आहे."

---

सकाळी टेम्पो उताराच्या उंचवट्याला मागून लावला. कान टोचल्याच्या बिल्ल्यापासून डॉक्टरच्या दाखल्यापर्यंत सगळे कागद शिवतेजने फायलीत घेतले; हल्ली माणसापेक्षा बैलाच्या प्रवासाला कागद जास्त लागतात. प्रश्न एवढाच उरला, की त्याला गोठ्यातून टेम्पोपर्यंत आणायचे कसे. वेसणीला हात घालायला कोणी धजेना. भालदारासारखे दोन्हीकडून कासरे धरायला गावातले दोघे आले होते. बांबूच्या पलीकडचे उकरणे ऐकून त्यांना आपापल्या शेतातली कामे आठवली.

"वैनी म्होरं चालल्या तर यील," नानासो खालमानेने म्हणाला.

"नाही," संयोगिता म्हणाली.

"मग काय मंत्र म्हनायचा?"

"गाय आण."

शेजारच्या लीलाबाईची गाय आली, आणि गाईमागून लीलाबाई आली. "उसनी साखर मागतात, पीठ मागतात. गाय उसनी मागणारी तुमीच पयली," ती म्हणाली. "सांजच्या धारंला परत पायजे. आन् वाटंत कुणी पिळली तर मला कळतंय बरं."

गाय आधी टेम्पोत चढवली. तिच्या पुढ्यात कडबा टाकला. सगळ्यांना भिंतीआड केले आणि शिवतेजने बांबूला बांधलेली दोरी लांबून ओढली. अंजना मात्र वाटेच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या पलीकडे, लोखंडी फळीआड उभी राहिली. हातात बादली होती. "न्हाईच आला तर," ती म्हणाली. संयोगिताने वाद घातला नाही, फक्त तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

धाकल्या बाहेर आला. उन्हात तो गोठ्यातल्यापेक्षा मोठा दिसत होता. दोन पावले टाकून त्याने मान वर केली. अंजनाचा बादलीवरचा हात घट्ट झाला. सकाळी तिला शोधणारी ती मान तिने रोज पाहिली होती.

पण ती मान तिला शोधत नव्हती. त्याने वारा ओढला, वरचा ओठ दुमडला आणि तसाच थांबला. मग त्याच्या पोटातून एक आवाज आला, हंबरण्यापेक्षा खोल. चार वर्षांत त्या घरात तो आवाज कोणी ऐकला नव्हता, आणि त्याला तो कोणी शिकवला नव्हता. टेम्पोतून गाईने मान वळवली. तो चालू लागला. ट्रॉलीला जवळजवळ घासून, अंजनाच्या हाताच्या अंतरावरून तो गेला. खुंटाजवळून जावे तसा गेला. उंचवट्यावर क्षणभर अडखळला आणि वर चढला.

शिवतेजने फळी लावली. नानासोने कड्या घातल्या, पुन्हा पुन्हा तपासल्या, आणि मग तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिला. खिडकीतून जोतीरामने खणखणीत आवाजात विचारायचा प्रयत्न केला, "चडला का?" कोणी उत्तर दिले नाही, कारण सगळ्यांना वाटले दुसरा देईल.

"मला वळखलं न्हाई त्यानं," अंजना म्हणाली.

गुरे ओळख विसरत नाहीत. त्यांची स्मृती चांगली असते, ओळखीचे माणूस ती दीर्घकाळ ओळखतात. आज त्याला त्या ओळखीचे काम पडले नाही, एवढेच. संयोगिताने हे मनात नीट मांडले, आणि मांडल्यावर ते अधिकच वाईट वाटले. ती म्हणाली, "जिथून गेला तिथे तू उभी होतीस. ओळखलं असतं तर बरं झालं नसतं."

अंजनाने मान हलवली. पटले म्हणून नव्हे, ऐकले म्हणून.

---

उन्हे कलता कलता टेम्पो परत आला. लीलाबाई आधीच ओट्यावर बसली होती. गाय उतरवून तिने कास चाचपून पाहिली, समाधान झाले तेव्हा चहाला थांबली. शिवतेजच्या अंगावर कोयनेकडची तांबडी धूळ होती. तो आल्या आल्या पाणी प्यायला आणि खाटेच्या कडेला बसला. सगळे जमले, नानासो कुपवाडला परत जायचा तो गेला नव्हता.

"वरडला का?" अंजनाने विचारले.

"न्हाई. उतरला, आन् उभा ऱ्हायला आडवा. समदा कळप बघत हुता. मामा म्हणला, कुणी हलू नगा. मग एक म्हातारा वळू आला. एक शिंग मोडकं, बरगड्या मोजून घ्याव्या आसा. धाकल्यानं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं पोज-बिज काय दिली न्हाई. येऊन सरळ डोकं लावलं. एकदाच."

"मग?" नानासो पुढे सरकला.

"मग धाकल्या मागं सरला."

"मागं सरला?"

"लय लांब गेला. मग कडंला जाऊन चरायला लागला. गवत कसं खायाचं त्ये दुसऱ्यांचं बघून बघून खात हुता."

एवढ्या मोठ्या घराला जे चार वर्षांत जमले नव्हते, ते एका हाडकुळ्या बैलाने उभ्या उभ्या केले होते. नानासोने कपाळावरून हात फिरवला. त्याला राग आला होता की सुटल्यासारखे वाटले होते, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

"लागलं का त्याला?" अंजनाने विचारले.

शिवतेजने आत्तीकडे पाहिले. मघाशी दारातच त्याने तिला फोन दाखवला होता. पांढऱ्या खांद्यावर रेघ स्पष्ट दिसत होती.

"लागलं," संयोगिता म्हणाली. "खांद्यावर. फार नाही. तेवढं लागायलाच हवं होतं."

"हळद लावाय सांगाय पायजे हुतं ज्योतिबाला."

"त्याच्याजवळ आता कुणी जायचं नाही, अंजना. ज्योतिबानंसुद्धा."

अंजनाने उंबऱ्याकडे पाहिले. बाहेर लीलाबाई गाईला हाकत घराकडे निघाली होती.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्याचं त्याला बरं हू द्या." आणि दिवा लावायला उठली.